भीड आपोआप का चेपत नाही?

घरातले मूल पाहुण्यांसमोर गप्प बसू लागले की मोठी माणसे एकमेकांना धीर देतात, "कॉलेजात जाऊ दे, चार लोकांत मिसळला की भीड चेपेल." हा सल्ला अडाणीपणाचा नाही. ज्या गोष्टीची भीती वाटते तिला पुन्हापुन्हा सामोरे गेल्याने भीती ओसरते, हे मानसोपचारातले एक भक्कम तत्त्व आहे आणि 'भीड चेपणे' या शब्दप्रयोगात मराठीने ते केव्हाचेच बांधून ठेवले आहे. अडचण इतकीच, की काही विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे घडत नाही. चार वर्षे रोज त्याच वर्गात, त्याच साठ-सत्तर जणांमध्ये बसूनही शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत त्यांचा आवाज पहिल्या दिवसाइतकाच कापतो. नुसते माणसांत असणे पुरेसे असते, तर रोजची हजेरी हेच त्यांच्यावरचे औषध ठरले असते. ते तसे का ठरत नाही, याचे बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या मानसशास्त्राने दिलेले आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. लाजाळू, बुजरा, भिडस्त, मुखदुर्बळ, माणूसघाणा ही विशेषणे आपण एकाच मुलाला आलटूनपालटून लावतो. पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. भिडस्त माणसाला नाही म्हणता येत नाही, मुखदुर्बळाला मनातले ओठांवर आणता येत नाही आणि माणूसघाण्याला मुळात माणसे नकोच असतात. सामाजिक चिंता, जिला हल्ली मुले सरळ 'सोशल अँग्झायटी' म्हणतात, असलेल्या विद्यार्थ्याला माणसे बहुधा हवी असतात आणि त्याची ओढाताण नेमकी तिथेच होते. कँटीनमधल्या टेबलावर जाऊन बसावेसे वाटते आणि पाय मात्र ग्रंथालयाकडे वळतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत १९८० मध्ये 'सोशल फोबिया' या नावाने या विकाराला स्वतंत्र जागा मिळाली. २०१३ च्या आवृत्तीत 'सामाजिक चिंता विकार' हे मुख्य नाव झाले आणि लोक आपल्याला जोखत असल्याची तीव्र भीती साधारण सहा महिने किंवा अधिक टिकणे, तिच्यामुळे शिक्षण, काम किंवा नातेसंबंध यांत ठळक अडथळा येणे, हे निकष त्यात नोंदले गेले. व्यासपीठावर जाण्याआधी पोटात गोळा येणे हा विकार नव्हे. तो बहुतेकांना येतो. बहुतेक रुग्णांमध्ये सुरुवात कुमारवयात, तेराव्या वर्षाच्या आसपास होते. म्हणजे विद्यापीठात पोहोचेपर्यंत या सवयीला पाच-सहा वर्षे झालेली असतात आणि ती 'स्वभाव' या नावाखाली खपूनही गेलेली असते.

आता डोळ्यांसमोर एक प्रसंग आणू. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची 'ओरल' आहे. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, आले आहेत आणि प्रयोगशाळेबाहेरच्या मार्गिकेत मुले रोल नंबरप्रमाणे उभी आहेत. आत गेलेली विद्यार्थिनी जर्नल दोन्ही हातांनी छातीशी धरून बसते. हात थरथरताना दिसू नयेत म्हणून तिने ती तशी धरलेली असते. प्रश्न येतो. उत्तर तिला येते, काल रात्री तिनेच मैत्रिणीला समजावून सांगितलेले असते. पण या क्षणी तिच्या मनात तीन कामे एकदम चालू असतात: उत्तर आठवणे, ते इंग्रजी वाक्यात बसवणे आणि आपण कशा दिसत आहोत यावर पहारा ठेवणे. तिसरे काम पहिल्या दोघांची जागा खाऊन टाकते. ती दोन शब्दांत उत्तर देते, परीक्षक मान हलवून पुढच्या प्रश्नाकडे वळतात आणि बाहेर आल्यावर तिची खात्री झालेली असते, की आपला चेहरा लालबुंद झाला होता आणि सगळ्यांनी तो पाहिला.

हा पहारा म्हणजेच या विकाराचे इंजिन आहे, अशी मांडणी डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये केली. त्यांच्या मते, चारचौघांत जाताच अशा माणसाचे लक्ष समोरच्यांवरून सुटून स्वतःवर येते. छातीची धडधड, घशाची कोरड, गालांवरची ऊब हे सारे त्याला आतून प्रचंड जाणवते आणि आतून जे जाणवते त्याच मापाने आपण बाहेरून दिसत असू, असे तो धरून चालतो. मनात एक चित्रही उमटते, आणि गंमत म्हणजे ते आपल्या डोळ्यांतून दिसणारे समोरच्यांचे चित्र नसून समोरच्यांच्या डोळ्यांतून दिसणारे आपले चित्र असते: घामेजलेले, चाचरणारे, हास्यास्पद. विद्यार्थी त्या कल्पित चित्रालाच पुरावा मानतो. खरा पुरावा, म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा, तो पाहतच नाही. कारण नजर खाली असते.

लक्ष आत वळले की बाहेरचे किती निसटते, याचा अनुभव नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनाच येतो. 'प्रत्येकाने उभे राहून नाव, गाव, छंद सांगा' असे फर्मान निघाले की आपल्या अलीकडच्या मुलाने काय सांगितले ते आपल्याला मुळीच आठवत नाही, कारण त्या वेळी आपण मनात स्वतःचे वाक्य घोळवत असतो. माल्कम ब्रेनर यांनी १९७३ मध्ये हा परिणाम प्रयोगाने दाखवला होता. इतरांच्या बाबतीत हे मिनिटभराचे असते. सामाजिक चिंता असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत मात्र सगळे संभाषणच 'आता माझी पाळी' या अवस्थेत जाते. (ओळख करून घेण्यासाठी ओळीने उभे करण्याची ही पद्धत कोणी शोधली कोण जाणे; तिने आजवर फारशा ओळखी झाल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही.)

या पहाऱ्यामागचे अंदाज किती चुकतात, तेही मोजले गेले आहे. थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केलेला आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. विद्यार्थ्यांना अंगात घालायला लाज वाटेल असा, एका गायकाचे मोठे चित्र असलेला टी-शर्ट घालून त्यांना भरलेल्या खोलीत पाठवले गेले. खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी आपला टी-शर्ट टिपला असेल, असा त्यांचा अंदाज होता; प्रत्यक्षात तो साधारण पाव लोकांच्याच लक्षात आला होता. हे सर्वसाधारण विद्यार्थी होते, चिंतेचे रुग्ण नव्हते. आपली धडधड बाहेरून दिसते हा समजही असाच सार्वत्रिक आहे. २००३ मध्ये सावित्स्की आणि गिलोविच यांनी भाषण देणाऱ्या काही विद्यार्थ्यांना आधीच सांगितले, की तुमची अस्वस्थता तुम्हाला वाटते तितकी श्रोत्यांना दिसत नसते. एवढ्या माहितीनेच त्यांची भाषणे, त्यांच्या स्वतःच्या आणि श्रोत्यांच्याही मते, अधिक चांगली झाली. सामाजिक चिंतेत जे घडते ते काही वेगळ्या जातीचे नाही. सर्वांच्या मनातली ही चूक तिथे वाढून मुक्कामाला राहिलेली असते.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. अंदाज चुकीचे असतील, तर शंभर वेळा वर्गात गेल्यावर ते दुरुस्त का होत नाहीत? याचे उत्तर छातीशी धरलेल्या त्या जर्नलमध्ये आहे. भीतीला तोंड देताना प्रत्येक जण काही बचावाच्या युक्त्या शोधून काढतो. वाक्य बोलण्याआधी मनात तीनदा म्हणून पाहणे, बोलताना स्लाइडकडेच पाहणे, घाम दिसू नये म्हणून मेच्या उकाड्यात जॅकेट घालणे, प्रश्न यायच्या आत आपणच दुसऱ्याला प्रश्न विचारत राहणे, हाताला काम असावे म्हणून मोबाइल बाहेर काढणे, कोपऱ्यातला बाक धरणे, गटाच्या सादरीकरणात 'मी पीपीटी करतो, तुम्ही बोला' म्हणणे, या सगळ्या त्याच युक्त्या आहेत. प्रसंग पार पडतो, अनर्थ होत नाही. पण मन त्याचा हिशेब कसा मांडते ते पाहण्यासारखे आहे. 'अनर्थ होणारच नव्हता' असा निष्कर्ष न काढता ते म्हणते, 'जर्नल घट्ट धरली म्हणून वाचलो.' श्रेय युक्तीच्या खात्यावर जमा होते आणि भीतीची मुद्दल तशीच राहते. रोजची हजेरी लागते, पण ती भीतीच्या समोर लागत नाही, आडोशाला लागते. म्हणून भीड चेपत नाही.

या युक्त्यांचा दुसरा तोटा अधिक क्रूर आहे. नजर न मिळवणारी, एका शब्दात उत्तर देणारी, मधल्या सुट्टीत मोबाइलमध्ये डोके घालणारी मुलगी इतरांना घाबरलेली वाटत नाही. ती शिष्ट वाटते. 'भाव खाते' असा शिक्का बसतो आणि हळूहळू तिला कोणी हाक मारेनासे होते. मग 'मी लोकांना आवडत नाही' या तिच्या समजाला खराखुरा पुरावा मिळतो. तो पुरावा तिच्या बचावानेच तयार केला, हे तिला कोण सांगणार?

प्रसंगाला मागची आणि पुढची बाजूही असते. आधीचे आठ दिवस सगळे फजितीचे जुने प्रसंग आठवण्यात जातात आणि त्यांच्या आधारावर पुढच्या फजितीची रंगीत तालीम होते. नंतरचे दिवस रवंथ करण्यात जातात: मी 'सर' म्हणालो का, ते हसले ते कशाला हसले, मधली शांतता किती लांबली. प्रत्येक फेरीत आठवण थोडी अधिक वाईट होते, आणि पुढच्या वेळी 'मागच्या खेपेला किती वाईट झाले' म्हणून हीच बिघडलेली आठवण वर काढली जाते. २०१८ मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की दोन अनोळखी माणसे बोलून निघाली की समोरच्याला आपण जितके आवडलो, त्यापेक्षा कमी आवडलो असे दोघांनाही वाटते, आणि जास्त लाजाळू लोकांमध्ये ही तफावत अधिक असते. रात्री अकरा वाजता हॉस्टेलच्या खाटेवर पडून सुरू होणाऱ्या त्या रवंथाचा कच्चा मालच असा खोटा असतो.

भीती नेमकी कशाची, याबद्दलही सोपे उत्तर पुरत नाही. मार्क लिअरी आणि बॅरी श्लेंकर यांनी १९८२ मध्ये मांडलेला विचार मला अजूनही सर्वांत नेमका वाटतो: एखादी छाप पाडायची इच्छा आहे, पण ती पाडता येईल याची खात्री नाही, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की सामाजिक चिंता उपजते. ज्याला छाप पाडायचीच नाही तो निर्धास्त असतो; ज्याला खात्री आहे तोही. म्हणून ही भीती घरच्या कुत्र्यासमोर वाटत नाही आणि विभागप्रमुखांसमोर वाटते. इथेच परिपूर्णतेच्या आग्रहाचा संबंध येतो, विशेषतः 'लोक माझ्याकडून निर्दोष कामगिरीची अपेक्षा करतात' या समजाचा. शाळेत नेहमी पहिली येणारी मुले विद्यापीठात गप्प झालेली दिसतात, त्यामागे बुद्धी कमी पडणे क्वचितच असते. चुकण्याची परवानगी त्यांनी स्वतःला कधी दिलेली नसते. याहून अनपेक्षित गोष्ट अशी, की निंदेइतकीच काहींना स्तुतीचीही भीती वाटते. जस्टिन वीक्स, रिचर्ड हाइमबर्ग आणि थॉमस रोडबॉ यांनी २००८ मध्ये ती मोजण्यासाठी प्रश्नावली तयार केली. 'छान बोललास, पुढचा सेमिनार तूच घे' असे सर म्हणाले की वर्गाच्या नजरा वळतात, अपेक्षेची पट्टी वर जाते आणि पुढच्या वेळी पडण्याची उंची वाढते. कौतुक केले की मूल खुलेल हे गृहीत धरणाऱ्या शिक्षकांनी हे लक्षात ठेवलेले बरे.

हे येते कुठून? काही अंश जन्मजात असतो. हार्वर्ड विद्यापीठातले जेरोम केगन यांनी अनोळखी माणूस, अनोळखी खेळणे दिसताच आखडून जाणाऱ्या लहान मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. अशा मुलांमध्ये पुढे सामाजिक चिंतेची शक्यता वाढते, पण त्यांतली अनेक मुले पुढे व्यवस्थित वावरतात. घरात अति जपणूक किंवा सततची टीका, शाळेत झालेली हेटाळणी, भर वर्गात मिळालेले एखादे टोपणनाव यांचा वाटा त्यावर चढतो. आपल्याकडे त्यात भाषेची एक जाड काडी पडते. तालुक्याच्या गावात मराठी माध्यमात शिकलेला मुलगा पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयात येतो, तेव्हा विषय त्याला कळत असतो आणि वाक्य जुळत नसते. इंग्रजीची गोष्ट सर्वांना माहीत आहे. पण 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हटल्यावर मागच्या बाकावरून आलेले हसू त्याहून खोल जाते, कारण इंग्रजी परकी म्हणून चुकली असे म्हणता येते, आपली बोली हसण्याजोगी ठरली तर आईचे बोलणेच हसण्याजोगे ठरते. यापुढे तो प्रत्येक 'न' आणि 'ण' तपासून बोलतो. भाषा हे भीतीचे मूळ कारण असेलच असे नाही, मात्र पहाऱ्याला पहारा देण्यासारखे काहीतरी ती पुरवते.

विद्यार्थ्यांवरच्या संशोधनाबद्दल एक सावधगिरी बाळगावी लागते. त्यातले बरेचसे एकाच वेळी भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांवर उभे आहे. कमी आत्मसन्मान, एकटेपणा, मोबाइलचा अतिवापर, परिपूर्णतेचा आग्रह हे सगळे सामाजिक चिंतेबरोबर आढळतात, एवढेच त्यातून कळते. कोणामुळे कोण, हे कळत नाही. एकटा पडला म्हणून मोबाइलमध्ये गेला, की मोबाइलमध्ये गेला म्हणून एकटा पडला, हे एका दिवसाच्या प्रश्नावलीतून ठरवता येणार नाही. 'मोबाइलमुळे मुले घुमी झाली' असे ठणकावून सांगणाऱ्यांना हा प्रश्न अवश्य विचारावा.

उपचारांची बाजू त्या मानाने आश्वासक आहे. ब्रिटनमध्ये उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या 'नाइस' या संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये, सामाजिक चिंता असलेल्या प्रौढांसाठी, याच विकारासाठी बेतलेली वैयक्तिक सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन यांवर एकत्र काम करणारी उपचारपद्धती, हा पहिला पर्याय म्हणून सुचवला आहे. काहींना मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषधांचाही उपयोग होतो. फोनवरून सुरुवात करायची असेल, तर केंद्र सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. अर्थात फोन लावणे हेच ज्याला अवघड जाते त्याच्यासाठी तो मित्राने लावून द्यावा. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ उपचारपद्धती या नावाने बऱ्याच जणांना ठाऊक असलेल्या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस यांनी स्वतःवर केलेला प्रयोग या सगळ्याचा गाभा दाखवतो. एकोणीस वर्षांचे असताना स्त्रियांशी बोलण्याची धास्ती घालवण्यासाठी त्यांनी न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्स वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जाऊन बाकावर बसलेल्या प्रत्येक स्त्रीशी बोलायचे ठरवले. त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले, एकीने भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. अनोळखी स्त्रियांना असे गाठणे आज खटकेल, आणि खटकलेच पाहिजे. पण प्रयोगातली मेख महत्त्वाची आहे: ते नुसते बागेत जाऊन बसले नाहीत. ज्या नकाराची भीती होती तो त्यांनी शंभरदा आडोशाशिवाय घेतला आणि त्याने काय होते ते पाहिले.

क्लार्क यांच्या पद्धतीत हेच काम व्हिडिओने केले जाते आणि त्याची साधी आवृत्ती समुपदेशकाच्या खोलीत मोबाइलवरही करता येते. आपण ज्या विद्यार्थिनीपासून सुरुवात केली तिची सरावाची तोंडी परीक्षा चित्रित होते. चित्रण पाहण्याआधी तिला कागदावर लिहायला लावतात: हात किती कापताना दिसतील, चेहरा किती लाल दिसेल, दहापैकी किती. ती नऊ लिहिते. मग चित्रण एखाद्या परक्या मुलीचे आहे असे समजून, आतले काही न आठवता, फक्त पडद्यावर दिसते ते पाहायचे असते. कापणारे हात पडद्यावर शोधावे लागतात. ठसठशीत दिसते ती छातीशी आवळलेली जर्नल, खाली गेलेली मान आणि परीक्षक काही विचारू पाहत असताना त्यांच्याकडे एकदाही न गेलेली नजर. दुसऱ्या चित्रणाच्या वेळी जर्नल टेबलावर ठेवायची, प्रश्न विचारणाऱ्याच्या चष्म्याची फ्रेम कोणत्या रंगाची आहे ते बघून ठेवायचे, आणि हात कापले तर कापू द्यायचे, एवढेच तिला सांगितलेले असते.